टायबरचा उतार आणि गोदावरीचा मुलूख

इसवी सनाच्या पहिल्या शतकाच्या मध्यास इजिप्तमधल्या एका ग्रीकभाषक व्यापाऱ्याने तांबड्या समुद्रापासून हिंदुस्थानापर्यंतची बंदरे, तिथला माल आणि वाटेतले धोके एका छोट्या पुस्तकात लिहून ठेवले. ‘पेरिप्लस’ म्हणून ते ओळखले जाते. भडोच बंदराचे वर्णन करता करता हा दर्यावर्दी समुद्राकडे पाठ फिरवतो आणि देशाच्या आत वळतो. दक्षिणापथात दोन मोठ्या पेठा आहेत, असे तो सांगतो. एक पैठण, भडोचपासून दक्षिणेला वीस दिवसांच्या वाटेवर. दुसरी तगर, पैठणपासून पूर्वेला दहा दिवसांवर. पैठणहून सुलेमानी खडे येतात, तगरहून साधे कापड भरपूर आणि मलमलीचे नाना प्रकार. हा सगळा माल गाड्यांवर लादून, धड रस्ता नसलेल्या लांबलचक मुलखातून भडोचला उतरवतात. तगर म्हणजे धाराशिव जिल्ह्यातले, गोरोबाकाकांचे तेर, हे फ्लीट यांनी १९०१ मध्ये दाखवून दिले.

रोमच्या आरंभकाळावरचे हे पुस्तक लिहिताना ती चार-पाच वाक्ये सतत माझ्यासमोर होती. सेनगाव तालुक्यातल्या आमच्या पुसेगावचे नाव पेरिप्लसमध्ये नाही आणि ते असण्याचे कारणही नाही. पण ज्या जमिनीच्या बळावर तगरची पेठ उभी राहिली, ती इथे आमच्या पायाखाली आहे. एका बाजूला पैनगंगा, दुसऱ्या बाजूला पूर्णा आणि मधून वाहणारी कयाधू. यांतली पूर्णा सरळ गोदावरीला मिळते, उरलेले पाणी पैनगंगा, वर्धा, प्राणहिता असा वळसा घेऊन शेवटी गोदावरीलाच जाते. आज या शिवारात सोयाबीन आणि हळद दिसते. तरी गावरानी कापसाची आठवण असलेली माणसे अजून गावागावांत आहेत.

रोमवर मराठीत जे वाचायला मिळते, त्यात बहुधा सीझर, ऑगस्टस, नीरो यांच्यापासून आरंभ होतो. वाचक थेट संगमरवरी दरबारात जाऊन उभा राहतो आणि हे सगळे कुठून आले, हा प्रश्न मागेच राहतो. मला तो क्रम पटत नाही. रोम हे आधी नदीच्या उताराशी वसलेले शेतकऱ्यांचे आणि मेंढपाळांचे गाव होते. तिथली माती, तिथले पाणी आणि तिथून जाणाऱ्या वाटा समजल्या, की पुढची पाचशे वर्षे बरीचशी उलगडतात. मराठवाड्यातल्या वाचकाला ही गोष्ट चटकन समजेल असे मला वाटते, कारण पैठण आणि तेर यांचा इतिहासही माती, पाणी आणि वाट यांच्यातूनच आला आहे.

मातीपासून सुरुवात करू. आमच्याकडे विहीर खणताना वर काळी माती, खाली मुरूम आणि त्याखाली काळा पाषाण लागतो. हा पाषाण सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी थरावर थर वाहिलेल्या लाव्हाचा आहे. लाव्हा निवताना त्यात वायूचे फुगे अडकले. त्या पोकळ्यांत पुढे सिलिका साचली आणि अकीक, सुलेमानी असे पट्ट्यापट्ट्यांचे खडे तयार झाले. दगड झिजला की खडे सुटतात, ओढ्यानाल्यांतून वाहत नदीच्या पात्रात येतात. त्याच दगडाची झीज होऊन काळी माती झाली, जी ओल धरून ठेवते आणि म्हणून कापूस पोसते. पैठणचे खडे आणि तगरचे कापड हे दोन वेगळे व्यापार दिसतात, पण दोन्ही एकाच लाव्हाची देणगी आहेत.

रोमची जमीनही ज्वालामुखीचीच, मात्र वयाने फार लहान. शहराच्या आग्नेयेला वीस-पंचवीस किलोमीटरवर आल्बन टेकड्या आहेत आणि वायव्येला ब्राच्चानो तळ्याभोवतीचा डोंगराळ भाग. या दोन्ही ठिकाणचे ज्वालामुखी गेल्या काही लाख वर्षांतच धुमसत होते. त्यांतून उडालेली राख साचून, दबून तिचा ‘टफ’ नावाचा दगड झाला. आपल्या काळ्या पाषाणापुढे तो अगदी मऊ. लोखंडी हत्याराने कापता येतो, त्यात पाण्याचे हौद खोदता येतात, भुयारी गटारे काढता येतात. टायबर आणि तिला मिळणारे ओढे यांनी टफचे पठार कापत नेले आणि त्याची जी टोके उरली, त्या रोमच्या प्रसिद्ध टेकड्या: पॅलेटाइन, कॅपिटोलाइन, अ‍ॅव्हेंटाइन, सीलियन, एस्क्विलाइन, क्विरिनल, विमिनल. पुढे याच ज्वालामुखी राखेत चुना कालवून रोमन लोकांनी असे काँक्रीट केले की ते पाण्याखालीही घट्ट होई. वेरूळ-अजिंठ्याच्या कारागिरांना कठीण पाषाण मिळाला म्हणून त्यांनी डोंगर कोरले. रोमन गवंड्याला मऊ दगड आणि राख मिळाली म्हणून त्याने भिंती, कमानी आणि घुमट उभे केले. माणसाची बुद्धी दोन्हीकडे सारखीच तल्लख होती, पण हाताशी असलेल्या द्रव्याने तिला निरनिराळे वळण दिले.

इटलीचा नकाशा समोर ठेवला की अ‍ॅपेनाइन पर्वताचा कणा उत्तरेपासून टोकापर्यंत गेलेला दिसतो. द्वीपकल्पाच्या बऱ्याच भागात तो पूर्व किनाऱ्याकडे सरकलेला आहे. त्यामुळे पूर्वेला चांगली बंदरे थोडी आणि सपाटी अरुंद. मोठी, सुपीक मैदाने पश्चिमेला आहेत: एट्रुरिया, लॅटियम, कंपानिया. आपल्या सह्याद्रीची तऱ्हा उलटी. तो पश्चिम किनाऱ्याला चिकटून उभा आहे, म्हणून आपल्या मोठ्या नद्या पूर्वेला जातात आणि किनाऱ्याशी संबंध ठेवायचा तर घाट उतरावा लागतो. नाणेघाटाचे महत्त्व त्यातून आले. इटलीचे तोंड पश्चिमेच्या समुद्राकडे असल्याने तिथे परदेशी गलबते लवकर आली. इ.स.पू. आठव्या शतकातच ग्रीक वसाहतकार नेपल्सच्या उपसागराशी स्थिरावले होते. त्यांच्याकडून लिपी एट्रुरियातल्या इट्रस्कन लोकांकडे आणि त्यांच्याकडून रोमकडे आली.

आता उताराकडे येऊ. टायबर सुमारे ४०० किलोमीटर वाहते. समुद्र पंचवीस-एक किलोमीटर राहिला असताना तिच्या पात्रात एक बेट आहे. त्या बेटापाशी नदी ओलांडणे सोपे, त्याखाली मुखापर्यंत तसा सोयीचा उतार नाही. उत्तरेच्या एट्रुरियातून दक्षिणेच्या कंपानियाकडे जाणाऱ्याला इथेच नदी पार करावी लागे. दुसरी वाट मिठाची. टायबरच्या मुखाशी मिठागरे होती आणि आत डोंगरात राहणाऱ्या सबाइन लोकांना, त्यांच्या गुराढोरांना मीठ हवे असे. त्या वाटेचे नाव ‘व्हिया सालारिया’, म्हणजे मिठाची सडक, आजही रोमच्या नकाशावर आहे. माणसांची वाट आणि मिठाची वाट जिथे एकमेकींना छेदतात, तिथे टेकड्या आहेत, पिण्याचे पाणी आहे आणि चाच्यांना सहज गाठता येणार नाही इतके समुद्रापासून अंतर आहे. एवढे सगळे एका जागी जुळून आल्यावर तिथे गाव वसणे ओघानेच आले.

रोमन लोक आपल्या शहराचा जन्म इ.स.पू. ७५३ च्या २१ एप्रिलचा मानत. लांडगीने पाजलेले रोम्युलस आणि रीमस हे जुळे भाऊ, त्यांचे भांडण, एकाचा वध, ही कथा सर्वांना माहीत आहे. ती सविस्तर सांगणारा लिव्ही ऑगस्टसच्या काळातला, म्हणजे घटनेनंतर सातशे वर्षांनी लिहिणारा. पण पॅलेटाइन टेकडीवर १९४८ च्या सुमारास झालेल्या उत्खननात टफमध्ये खोदलेले खांबांचे खड्डे सापडले. इ.स.पू. आठव्या शतकातल्या कुडाच्या झोपड्यांचे ते खड्डे आहेत. आख्यायिकेचे पंचांग आणि झोपड्यांचा काळ एकमेकांच्या इतके जवळ यावेत, याचे मला फार आकर्षण वाटते, पण तेवढ्यावरून रोम्युलस खरा ठरत नाही. त्या कथेतला मला महत्त्वाचा वाटणारा भाग वेगळाच आहे. नव्या गावाला माणसे हवीत म्हणून रोम्युलसने कॅपिटोलाइन टेकडीवर परागंदा, कर्जबुडवे, पळालेले गुलाम अशा सगळ्यांना आसरा दिला, असे रोमन लोक स्वतःच सांगत. आपले पूर्वज देवकुळातले होते असे सांगायची हौस सगळ्याच राष्ट्रांना असते आणि ती रोमलाही होती. पण आम्ही बाहेरून आलेल्यांचे बनलो, हेही त्यांनी लपवले नाही. पुढच्या इतिहासाची किल्ली मला इथे दिसते.

त्याच शतकांत आपल्याकडे काय होते? पुणे जिल्ह्यात घोड नदीकाठी इनामगाव आहे. तिथे डेक्कन कॉलेजच्या उत्खननात ताम्रपाषाण युगातल्या शेतकऱ्यांची वस्ती उजेडात आली. तिच्या शेवटच्या काळात, इ.स.पू. १००० ते ७०० च्या दरम्यान, लोक लहान गोल झोपड्यांत राहत होते आणि मग ती वस्ती उठली. विदर्भात तेव्हा लोखंड वापरणारे लोक शिळावर्तुळे उभारून मृतांना पुरत होते आणि नाईकुंडला लोखंड गाळण्याची भट्टी पेटत होती. पॅलेटाइनवरचा झोपडीवासी आणि घोडकाठचा झोपडीवासी यांच्या जगण्यात तेव्हा फारसे अंतर नव्हते.

परंपरा रोमचे सात राजे सांगते. त्यांतला नूमा सबाइन, शेवटच्या तिघांतले दोन टार्क्विन इट्रस्कन घराण्यातले. टेकड्यांमधल्या दलदलीतून नाला काढून पाणी टायबरला सोडण्याचे काम याच टार्क्विनांच्या नावावर आहे. ती दलदल सुकली म्हणून मधल्या सखल जागेत बाजार आणि सभेचे मैदान, म्हणजे ‘फोरम’, होऊ शकले. वेगवेगळ्या टेकड्यांवरच्या वाड्या एका शहरात बांधल्या गेल्या त्या या नाल्यामुळे, असे म्हटले तरी चालेल. राजे नुसते कथेतले नव्हते, याचा दगडी पुरावाही फोरममध्येच आहे. तिथे १८९९ मध्ये जाकोमो बोनी यांना काळ्या फरशीखाली इ.स.पू. सहाव्या शतकातला कोरीव लेख सापडला. त्यात राजा या अर्थाचा शब्द आहे.

इ.स.पू. ५०९ मध्ये शेवटच्या टार्क्विनाला हाकलून रोमने प्रजासत्ताक स्थापन केले. दरवर्षी दोन कॉन्सल, दोघांना सारखे अधिकार, एकाने दुसऱ्याला अडवावे अशी रचना. पण सत्ता मोठ्या घराण्यांच्याच हातात राहिली. इ.स.पू. ४९४ मध्ये सामान्य लोकांनी शहर सोडून शेजारच्या टेकडीवर बस्तान मांडले आणि आम्ही लढायला येणार नाही, असे बजावले. त्यातून त्यांना स्वतःचे प्रतिनिधी, म्हणजे ट्रिब्यून, मिळाले. इ.स.पू. ४५१-४५० मध्ये बारा फळ्यांवर कायदा लिहून लावला गेला, म्हणजे तो मूठभर कुलीनांच्या स्मरणातून बाहेर येऊन सर्वांसमोर आला. या दोन घटनांना मी पुस्तकात लढायांपेक्षा अधिक जागा दिली आहे.

लढायांचा धावता आढावा पुरे. इ.स.पू. ३९६ मध्ये रोमने सोळा-एक किलोमीटरवरचे इट्रस्कन शहर व्हेआई जिंकले. थोड्याच वर्षांत उत्तरेच्या गॉल लोकांनी खुद्द रोम लुटले. त्यानंतर जो भक्कम तट बांधला गेला, त्याचे दगड बव्हंशी व्हेआईच्या मुलखातल्या खाणींचे होते. इ.स.पू. ३३८ मध्ये शेजारच्या लॅटिन शहरांचे बंड मोडल्यावर मात्र रोमने जे केले, ते नीट थांबून पाहण्यासारखे आहे. सरसकट शिक्षा किंवा सरसकट माफी न देता एकेका शहराशी वेगळा करार केला. कुणाला पूर्ण नागरिकत्व, कुणाला मताशिवायचे नागरिकत्व, कुणाशी मैत्रीचा तह. दोस्तांकडून खंडणी मागितली नाही, लढाईला माणसे मागितली. हरलेला शत्रू पुढच्या मोहिमेत भागीदार झाला आणि लुटीत त्याचाही वाटा आला. इ.स.पू. २१६ मध्ये कॅनीच्या रणांगणावर कार्थेजच्या हॅनिबलने रोमची फौज कापून काढली, तेव्हा कापुआसारखी काही शहरे फुटली, पण लॅटिन वसाहती आणि मध्य इटली रोमबरोबर राहिली. हॅनिबलला लढाया जिंकता आल्या, ही माणसे जोडता आली नाहीत. आसरा देणाऱ्या टेकडीची कथा सांगणाऱ्या लोकांनी हे केले, हा योगायोग मला वाटत नाही.

या करारांना जमिनीवर पक्के केले ते सडकांनी. इ.स.पू. ३१२ मध्ये अ‍ॅपियस क्लॉडियसने रोम ते कापुआ सडक काढली, ती व्हिया अ‍ॅपिया. इ.स.पू. २६४ मध्ये सिसिलीच्या निमित्ताने रोम समुद्रापार गेले, १४६ मध्ये कार्थेज जमीनदोस्त झाले आणि ३० मध्ये इजिप्त हाती आले. इजिप्तबरोबर तांबड्या समुद्राची बंदरेही आली. थोड्याच वर्षांत तिथे गेलेला भूगोलकार स्ट्रॅबो लिहितो की, मायोस होर्मोस बंदरातून दरसाल १२० जहाजे हिंदुस्थानला निघतात. ती ऐन पावसाळ्यात निघत आणि आपल्याला पाऊस देणारेच नैर्ऋत्य वारे त्यांना पाठीमागून ढकलत आणत. हिवाळ्यात वारा फिरला की परत.

ही जहाजे आली तेव्हा आपला मुलूख त्यांची वाट पाहत रिकामा बसलेला नव्हता. पाली ‘सुत्तनिपाता’त बावरी नावाच्या आचार्याची कथा आहे. तो गोदावरीकाठी, अस्सक आणि अळक यांच्या हद्दीवर राहत असे. त्याचे शिष्य बुद्धाला भेटायला निघतात ते पैठण, माहिष्मती, उज्जैन, विदिशा या मार्गाने. म्हणजे पैठणची वाट रोमन गलबतांच्या कितीतरी आधीपासून वाहती होती. सातवाहनांच्या काळात तिचे राजमार्गात रूपांतर झाले. पैठणहून उत्तरेला जाताना केळणा नदीकाठी भोकरदन लागे, पश्चिमेला जुन्नर आणि नाणेघाट उतरून कल्याण-सोपारा. नाशिकच्या लेण्यात क्षत्रप राजा नहपान याचा जावई उषवदात याचा लेख आहे. भिक्षूंच्या चीवरांच्या आणि इतर खर्चासाठी त्याने जवळच्या गोवर्धनच्या कोष्ट्यांच्या एका श्रेणीकडे २,००० कार्षापण दरमहा शेकडा एक आणि दुसऱ्या श्रेणीकडे १,००० कार्षापण शेकडा पाऊण व्याजाने ठेवले. कोष्ट्यांची संघटना राजघराण्याची ठेव सांभाळते आणि कायम व्याज देण्याची हमी घेते, यावरून कापडाच्या धंद्यात किती बळ होते ते कळते. जुन्नरच्या लेण्यांत धान्यविक्रेते, बांबूकाम करणारे, कासार यांच्या श्रेणी आहेत आणि त्यांच्याच शेजारी यवनांची दानेही आहेत. कार्ल्याच्या चैत्यगृहातल्या खांबांवरही यवन दाते भेटतात. रोमच्या सोन्याने दख्खनची शहरे उभी केली, असे अजूनही लिहिले जाते. मला ते उलटे वाटते. इथे पेठा होत्या, श्रेणी होत्या, माल होता, म्हणून जहाजे आली.

हा व्यापार इतका मोलाचा होता की त्याच्यासाठी राजे भांडत. पेरिप्लस सांगतो की, कल्याणला आलेली ग्रीक जहाजे पहाऱ्यात भडोचला नेली जात. तो ज्या क्षत्रप राजाचे नाव घेतो तो नहपान, असे बहुतेक अभ्यासक मानतात. पुढे गौतमीपुत्र सातकर्णीने नहपानाचा पराभव करून त्याच्या नाण्यांवर आपला ठसा मारला. १९०६ मध्ये नाशिकजवळ जोगळटेंभीला १३ हजारांहून अधिक चांदीची नाणी सापडली. त्यांतली सुमारे दोन तृतीयांश अशी पुन्हा ठोकलेली होती.

तेरच्या रामलिंगप्पा लामतुरे संग्रहालयात हा काळ डोळ्यांनी पाहता येतो. मातीच्या बारीक घडणीच्या मूर्ती, मणी, शंखाच्या बांगड्या, हस्तिदंती स्त्रीमूर्ती, रोमन नाण्यांवरून साच्यात काढलेली मातीची पदके, सगळे तिथल्या पांढरीच्या टेकाडांतून आलेले. १९३८ मध्ये इटलीत पाँपेईच्या एका घरात अशीच हस्तिदंती स्त्रीमूर्ती निघाली, जेमतेम पाऊण फुटाची. इ.स. ७९ मध्ये व्हेसुव्हियसने पाँपेई गाडले, म्हणजे ती त्याआधी तिथे पोहोचली होती. भोकरदनला मिळालेल्या मूर्तीशी तिचे साम्य अभ्यासकांनी दाखवले आहे. तांबड्या समुद्रावरच्या बेरेनिके बंदरात तर आपल्याकडचे सुती कापडच सापडले आहे. इजिप्तमध्ये सूत ज्या दिशेने पिळत, त्याच्या उलट दिशेने भारतात पिळत. त्या पिळावरून ते ओळखता आले. रोमन लेखक प्लिनीने तक्रार केली आहे की, हिंदुस्थान दरसाल साम्राज्याचे पाच कोटी सेस्टर्स ओढून नेतो. तेरच्या आणि गोवर्धनच्या मागांवर बसलेल्या हातांचा वाटा त्या आकड्यात आहे, हे इथल्या मुलांना शाळेतच कळायला हवे.

मात्र उत्साहाच्या भरात प्रत्येक खापराला रोमन म्हणू नये. इथे सापडलेल्या रांजणांचे बरेच तुकडे एकेकाळी रोमन मद्यकुंभांचे मानले गेले. रोबर्टा टॉम्बर यांनी ते नव्याने तपासले, तेव्हा त्यांतले पुष्कळसे इराकच्या बाजूच्या वेगळ्याच रांजणांचे निघाले. कोल्हापूरच्या ब्रह्मपुरीत मिळालेली पोसायडनची कांस्यमूर्ती मात्र निःसंशय भूमध्य समुद्राकडची आहे. पुस्तकात मी अशाच पक्क्या वस्तूंवर भर दिला आहे.

पुस्तकाचे तीन भाग आहेत. पहिला इटलीच्या आणि दख्खनच्या भूगोलाचा, त्यात नकाशे अधिक. दुसरा पॅलेटाइनच्या झोपड्यांपासून इ.स.पू. २६४ पर्यंतचा, आणि तो सर्वांत मोठा. तिसरा तिथून इजिप्तच्या विजयापर्यंत येतो आणि तांबड्या समुद्राच्या बंदरांशी थांबतो. सम्राटांच्या कहाण्या त्यात नाहीत, त्या इतरत्र मिळतात. रोमन नावे मराठी कानाला रुळलेल्या उच्चारांनी दिली आहेत, म्हणून ‘कैसर’ऐवजी ‘सीझर’. पहिला भाग कंटाळवाणा वाटला तरी वाचकाने तो ओलांडू नये, अशी विनंती आहे. दुसऱ्या भागातले बहुतेक प्रश्न त्या नकाशांवरच सुटतात.

पुसेगाव, ता. सेनगाव, जि. हिंगोली